न फिरवलेला घोडा

शाळेत असताना बिरबलाचे एक कोडे आम्हांला हमखास घातले जाई. घोडा अडून का बसला, विड्याचे पान का सडले आणि तव्यावरची भाकरी का करपली, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच वाक्यात द्यायचे असे. फिरवले नाही म्हणून, असे आम्ही सारी मुले एका सुरात सांगत असू. भाकरी घरी रोज पाहत होतो. पानांचा डबा आजीजवळ असे आणि ती रोज सकाळी ओल्या फडक्यातली पाने उलटीसुलटी करी. त्यामुळे या दोन गोष्टी पटत. घोड्याचे मात्र ऐकले आणि सोडून दिले. वसईकडच्या आमच्या गावी घोडा दिसे तो टांग्याला जुंपलेला, आणि तो बिचारा दिवसभर फिरतच असे. तेव्हा तो अडण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या कोड्यातला घोडा आम्हांला चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी धुळ्यात भेटला. तो घोडा नसून कुत्रा होता.

धुळ्याला आम्ही आलो तेव्हा शेरू आवारात आधीपासूनच होता. जात गावठी, रंग तांबूस, एक कान उभा व एक पडलेला. आमच्या आधीच्या फादरांनी त्याला पिलू असताना रस्त्यावरून उचलून आणले होते आणि तो आवारभर मोकळा हिंडत असे. आम्ही पहिल्याच महिन्यात त्याला साखळी लावली. सांगण्यासारखे कारण होते. रविवारी मिस्सेला येणाऱ्या मुलांच्या सायकलींमागे तो धावे, आणि एका आजीबाईंच्या लुगड्याला त्याने तोंड घातले होते. खरे कारण हे की त्याच्यामागे धावायला आम्हांला सवड नव्हती. सहा फुटांची साखळी, कडुलिंबाची सावली, दोन वेळची भाकरी आणि वर्षातून एकदा रेबीजची लस, एवढे केले म्हणजे त्याचे सर्व काही केले, अशी आमची समजूत होती.

पहिल्या पावसाळ्यानंतर झाडाभोवती एक गोल वाट पडली. साखळी ताणून तो तिच्या टोकाला चालत राही. पंचवीस-तीस फेऱ्या एका दिशेने, मग तितक्याच उलट. पुढचा उजवा पाय तो चाटत बसे. इतका की तिथले केस जाऊन लाल चट्टा पडला. दिवाळीत फटाके सुरू झाले तेव्हा त्याने मुळाशी खड्डा उकरला, नखे रक्ताळली, आणि दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही. आम्ही जवळ गेलो तर आमच्यावरही गुरगुरला. पुढे जानेवारीत, त्याला बिस्किट द्यायला आलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलीच्या हाताला तो चावला. जखम खोल नव्हती, पण लेकराला लसीची सगळी इंजेक्शने घ्यावी लागली. तिच्या आईने आम्हांला एका शब्दानेही दोष दिला नाही. तो न बोललेला शब्द अजून टोचतो.

धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत विषय निघाला. शिरपूरकडच्या एका शेतावर कुत्रा पाठवून द्यावा, असे बहुतेकांचे मत पडले, आणि ते गैर नव्हते. आम्ही ईस्टरपर्यंतची मुदत मागून घेतली. का मागितली हे तेव्हा आम्हांलाही नीट सांगता आले नसते.

थोडे आमच्याविषयी सांगणे भाग आहे. त्याच्या आदल्या पावसाळ्यात आमची आई गेली. रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज पाऊण तास चाला, असे बजावले. गोळ्या घेतल्या, चालणे राहून गेले. त्या वर्षी आम्ही माणसांवर फार चिडलो. गायकवृंदाच्या मुलांवर, हिशेब उशिरा देणाऱ्यांवर, एकदा तर प्रवचनाच्या मध्येच मागे बोलणाऱ्या बायकांवर. रात्री दोनला जाग येई आणि आम्ही व्हरांड्यात येरझारा घालत असू. आमचा व्हरांडा अकरा पावलांचा आहे. अशाच एका रात्री खालून साखळीचा आवाज आला. चांदणे होते. शेरू त्याच्या वाटेवर फिरत होता आणि आम्ही आमच्या.

दुसऱ्या दिवशी बागेचे काम पाहणाऱ्या बाबांशी बोलणे झाले. त्यांनी आयुष्यभर शेतीत बैल सांभाळले आहेत. त्यांनी झाडाभोवतीच्या वाटेकडे बोट केले व अहिराणीत म्हणाले, "फादर, याले असा बांधी ठेवशात तं हाऊ येडा व्हई जाई." बांधून ठेवाल तर हा वेडा होईल, एवढेच. मग ते बैलांचे सांगू लागले. पीक निघाल्यावर बैलांना काम नसते. ते महिनोन्‌महिने दावणीला राहिले तर काही मारके होतात, काही मान टाकून नुसते उभे राहतात, आणि पेरणीच्या आधी औत जुंपले की फुफाटत उधळतात. म्हणून काम असो वा नसो, बाबा आपली जोडी रोज सकाळी नदीपर्यंत नेऊन आणीत. पोळ्याला खांदे मळायचे, झूल घालायची, नैवेद्य द्यायचा हे तर सगळेच करतात. पण बैलाला रिकाम्या दिवसांत फिरवून आणणारा तोच खरा बैलवाला, असे त्यांचे मत. विज्ञान आम्ही पुढे वाचले. त्याचा अर्धा भाग बाबांनी आधीच सांगून टाकला होता.

त्या सुमारास साक्री तालुक्यातला एक तरुण आमच्या वसतिगृहात राहून पोलीस भरतीची तयारी करीत होता. धुळ्यात राज्य राखीव पोलीस दलाचा गट असल्याने इकडच्या पोरांच्या मनात ती भरती फार असते, आणि तिला ५ किलोमीटर धावावे लागते. पहाटे पाचला तो नकाणे तलावाच्या बाजूला धावायला जाई. "फादर, मी नेऊ का त्याला?" असे त्याने विचारले. आम्ही भीत भीत हो म्हटले, मुस्के बांधून दिले, आणि चावलाच तर आपण जवळ असावे म्हणून मागोमाग चालत निघालो. पाऊण तास चालणे असे सुरू झाले. डॉक्टरांचे श्रेय कुत्र्याला गेले.

पहिला आठवडा तमाशाच होता. शेरू पिसाटासारखा ओढत सुटे, मध्येच बसे, पुन्हा उसळी घेई. दुसऱ्या आठवड्यात त्या दोघांची चाल जमली. तिसऱ्या महिन्यात पायावरच्या चट्ट्यावर लव आली. ईस्टर आला आणि गेला. मंडळात विषय कोणी काढला नाही. आम्हीही काढला नाही.

असे का व्हावे, हे कुतूहल मात्र राहिले. सेमिनरीतले आमचे एक सोबती पुढे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांना फोन केला तर त्यांनी लेखांचा एक गठ्ठाच पाठवून दिला. त्यातले जे समजले ते वाचकांपुढे ठेवतो.

सुरुवात १९६७ मधल्या एका प्रयोगापासून करावी लागते, आणि ती वाचताना आमचा हात थांबला. अमेरिकेत सेलिग्मन आणि मायर या दोघांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले. काहींना ते झटके बंद करता येत होते, काहींना काही केल्या येत नव्हते. नंतर त्या साऱ्यांना अशा पेटीत ठेवले की मधला बुटका अडसर ओलांडला की झटक्यातून सुटका. ज्यांच्या हाती पूर्वी काहीतरी होते ते उडी मारून पलीकडे गेले. ज्यांच्या हाती काहीच नव्हते त्यांतले बरेचसे कण्हत पडून राहिले. सुटकेचा मार्ग समोर असून त्यांनी प्रयत्न केला नाही. हतबलता शिकता येते, असा निष्कर्ष तेव्हा निघाला. सुमारे पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी आपली मांडणी उलटी केली. लांबलेल्या छळापुढे गप्प पडून राहणे हीच प्राण्याच्या मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे. शिकावे लागते ते 'माझ्या हालचालीने काही बदलते' हे, असे त्यांनी लिहिले. आपले म्हणणे इतक्या वर्षांनी जाहीरपणे दुरुस्त करणाऱ्या माणसांविषयी आम्हांला आदर वाटतो. त्या कुत्र्यांविषयी काय वाटते ते लिहीत नाही.

आता धावण्याचे. कोलोरॅडो विद्यापीठात ग्रीनवूड, फ्लेश्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असेच झटके उंदरांना दिले. निम्म्या उंदरांच्या पिंजऱ्यात आधीचे सहा आठवडे फिरते चाक ठेवले होते. वाटेल तेव्हा त्यांनी त्यात धावावे. उरलेल्यांचे चाक अडकवून ठेवलेले. झटक्यांनंतर बसून राहिलेले उंदीर भयाने थिजले आणि सुटकेचा साधा मार्ग शिकायला त्यांना फार वेळ लागला. धावलेल्यांचे तसे झाले नाही. मेंदूच्या देठात सिरोटोनिन हे रसायन पुरवणाऱ्या पेशींचा एक पुंजका असतो. हाताबाहेरच्या संकटात तो बेफाम चेततो. धावणाऱ्या उंदरांत तो आवरलेला राहिला. २०१३ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी धावणाऱ्या उंदरांना थोडा वेळ थंड पाण्यात टाकून पाहिले. भयाशी संबंधित भागातल्या पेशींना शांत करणारे रसायन त्यांच्या मेंदूत अधिक पाझरत होते. म्हणजे धावल्याने प्राणी बधिर होत नाही. पेटायचे कधी आणि विझायचे कधी, हे त्याच्या मेंदूला अधिक नीट जमते.

यात एक गंमत आहे. धावणे हाही शरीराला ताणच. धावताना तणावाची संप्रेरके चढतात, छाती धडधडते, श्वास लागतो. भीतीच्या वेळी होते तेच सारे होते. फरक एवढाच की ते रोज चढते आणि रोज उतरते. बांधलेल्या कुत्र्याचे नुसते चढलेले राहते. नेमके हेच सारे रहस्य आहे असा दावा आम्ही करणार नाही, पण शेरूच्या छातीवर हात ठेवून हे आम्ही अनेकदा अनुभवले आहे. तलावावरून परतला की ती धडधडत असते आणि आम्ही चहा घेईपर्यंत संथ होते.

मग प्रश्न उरतो सक्तीचा. सेमिनरीत संध्याकाळचा खेळ सक्तीचा असे, आणि व्हॉलीबॉलच्या जाळ्याकडे आम्ही शिक्षा भोगायला जावे तसे जात असू. अशा व्यायामाचा गुण येतो काय? ग्रीनवूड यांनी हेही तपासले. २०१३ मधल्या त्यांच्या प्रयोगात काही उंदरांना सरकत्या पट्ट्यावर धावायला लावले, काहींना मोटारीने फिरणाऱ्या चाकात, आणि काहींना आपल्या मर्जीच्या चाकात. पट्ट्यावर धावलेल्यांना संकटाच्या वेळी काही उपयोग झाला नाही. चाकात धावलेल्यांना झाला. चाक मर्जीचे असो की मोटारीचे. आम्हांला वाटले होते की निवाडा स्वेच्छेच्या बाजूने लागेल. तो तसा सरळ लागला नाही. आम्ही त्यातून काढलेला अर्थ असा की कोणी हाकले यापेक्षा चाल आपली आहे की नाही, याला अधिक वजन असावे. पण हा अर्थ आमचा, शास्त्रज्ञांचा नव्हे.

हॉलंडच्या योहाना मायर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मात्र आम्ही मुलांना पुनःपुन्हा सांगतो. चाकात धावणे हे पिंजऱ्यातले वेड आहे, असा एक आक्षेप होता. म्हणून त्यांनी चाके बाहेर, झुडपांत आणि वाळूच्या टेकड्यांत नेऊन ठेवली आणि कॅमेरा लावला. रानातले मोकळे उंदीर आपण होऊन आले आणि धावून गेले. खाऊ ठेवणे बंद केले तरी येत राहिले. बेडूकही चाकावर चढले, आणि गोगलगायीच्या जातीचे शंख नसलेले प्राणीसुद्धा. गोगलगाय व्यायामाला येते हे ऐकून आमच्या वर्गात जो हशा पिकला तो धर्मशिक्षणाच्या तासाला क्वचितच पिकतो.

हे वाचून झाले आणि मार्गशीर्षात आम्ही सारंगखेड्याला गेलो. दत्तजयंतीला तापीकाठी तिथे घोड्यांचा बाजार भरतो. १९९८ पर्यंत ते गाव धुळे जिल्ह्यातच होते, आता नंदुरबारमध्ये आहे. शेकडो घोडी अगाडी-पिछाडीला बांधून ओळीने उभी असतात. गिऱ्हाइकाने नुसते सौंदर्य पाहायचे नसते. चाल पाहायची असते, म्हणून मोकळ्या पट्ट्यावर रेवाल आणि दुडकी दाखवतात. आमचे लक्ष उभ्या घोड्यांकडे होते. एक पांढरी घोडी मान डावीकडून उजवीकडे सारखी डोलवीत होती, घड्याळाच्या लंबकासारखी. आणखी एक घोडा खुंट दातांत धरून हवा गिळत होता. हे दोन्ही तबेल्यात फार वेळ कोंडलेल्या घोड्यांचे ओळखीचे चाळे आहेत आणि एकदा जडले की सहसा पूर्ण सुटत नाहीत. शेजारच्या व्यापाऱ्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, उभा घोडा बिघडतो. सकाळ-संध्याकाळ फिरवावाच लागतो." बिरबलाचे उत्तर आम्हांला पन्नाशी उलटल्यावर असे एका घोडेवाल्याकडून पुन्हा मिळाले.

धावणारा प्राणी आनंदाने धावतो की भयाने, हा वाद महाराष्ट्राने न्यायालयातही पाहिला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यती थांबवल्या. बैल हा ओझे ओढणारा प्राणी, तो शर्यतीत पळतो तो जीव वाचवायला, असा त्या निकालाचा रोख होता. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अटींसह वाट मिळाली आणि मे २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने राज्यांच्या दुरुस्त्या मान्य केल्या. आमच्या बाबांना हे वाचून दाखवले. ते म्हणाले, पराणी कोणाच्या हातात आहे ते बघा. यापुढे ते काही बोलले नाहीत, आणि त्यावर आम्हांलाही काही जोडता आले नाही.

एक गोष्ट त्या गठ्ठ्यात अशी सापडली की ती वाचून आम्ही कागद खाली ठेवला. प्रिन्स्टनच्याच स्ट्रॅनहन आणि गूल्ड यांनी २००६ मध्ये दाखवले की कळपात राहणारे उंदीर धावले तर त्यांच्या मेंदूत नव्या पेशी लवकर वाढू लागतात. एकट्या ठेवलेल्या उंदरांत तेवढेच धावूनही तो लाभ उशिरा येतो, आणि एकट्याला वर आणखी ताण पडला तर धावणे उलट बाधते. व्हरांड्यातल्या अकरा पावलांनी आमची झोप का परतली नाही आणि तलावाच्या रस्त्याने का परतली, याचे उत्तर कदाचित इथे असेल. कदाचित नसेलही, आम्ही उंदीर नव्हे, आणि एका माणसावरून व एका कुत्र्यावरून शास्त्र होत नाही.

पुढची दिवाळी आली तेव्हा शेरू चमत्कार झाल्यासारखा निर्भय झाला असेल, असे वाचकांनी समजू नये. फटाका फुटला की तो थरथरत होता. आमच्या पलंगाखाली शिरला, जीभ बाहेर, डोळे मोठे. पण मोठी माळ थांबल्यावर काही मिनिटांतच बाहेर आला, पाणी प्याला आणि दाराशी जाऊन वास घेत उभा राहिला. रात्री अर्धी भाकरी खाल्ली. ज्या मुलीला तो चावला होता ती नाताळात आईबरोबर आली. तिने लांबूनच त्याच्याकडे पाहिले. त्यानेही लांबूनच शेपूट हलवली. जवळ जा, असे तिला कोणी म्हटले नाही, आणि तेच योग्य झाले.

संत थॉमस अक्विनस यांनी आपल्या महाग्रंथात एक प्रश्न घेतला आहे, तो तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही पाठ केला होता. मुक्या प्राण्यांना आशा असते काय? थॉमस म्हणतात, असते, आणि दाखला देतात तो कुत्र्याचाच. ससा फार लांब असला तर कुत्रा जागचा हलत नाही, कारण तो हाती लागेल अशी आशा त्याला नसते. जवळ असला की झेप घेतो. प्राण्याच्या आत काय चालले आहे ते त्याच्या हालचालीवरून कळते. परीक्षेत त्यावर आम्हांला चांगले गुण मिळाले होते. कडुलिंबाखाली एक जीव वर्षभर गोल फिरत होता, तेव्हा तो परिच्छेद आम्हांला आठवला नाही.

तो तरुण भरती झाला आणि गेला. आता शेरूला आम्हीच नेतो. धावत नाही, भरभर चालतो. तो पुढे पळून जातो आणि वळणावर आमच्यासाठी उभा राहतो. उन्हाळ्यात पाचलाही हवा गरम असते, तेव्हा साडेचारला निघतो. कधी गायकवृंदातली दोन मुले येतात, कधी येत नाहीत.

येत्या मे महिन्यात आमची बदली होईल, अशी चिन्हे आहेत. नव्या जागी पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आहेत आणि खाली बाजाराचा रस्ता. येणारे फादर कुत्र्यांना भितात, असे ऐकतो. त्या दोन मुलांशी बोलून ठेवले आहे. एकाने हो म्हटले, दुसऱ्याची दहावी आहे. साखळी स्वयंपाकघरामागच्या खुंटीला टांगलेली आहे. ती भंगारात देऊ का, असे बाबांनी दोनदा विचारले. आम्ही थांबा म्हणालो.